गुप्तलेख आणि शिरस्ता

संकेतभेद करणाऱ्या माणसाविषयी आपल्या सुशिक्षित समाजात जी प्रतिमा रूढ होऊन बसली आहे, ती अपुरी तर आहेच, पण त्या विद्येच्या स्वरूपाविषयी मुळातच दिशाभूल करणारी आहे, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे. एक एकलकोंडा, विक्षिप्त, लोकव्यवहारात अजागळ असा गणिती. त्याच्यापुढे अर्थशून्य अक्षरांचा ढीग. कित्येक रात्रींची जागरणे. आणि मग एका क्षणी वीज चमकावी तसा उलगडा, की ज्यासरशी शत्रूची सारी गुपिते त्याच्या ओंजळीत येऊन पडतात: हे चित्र कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी आपल्या मनावर इतके ठसवले आहे की, त्याच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कोणाला कारणच वाटत नाही. त्याच्या जोडीला अलीकडे दुसरी एक समजूत येऊन मिळाली आहे, ती अशी की, हे सारे आता यंत्राचे काम झाले असून मनुष्याचा त्यात फारसा संबंध उरलेला नाही. वरवर पाहता या दोन समजुती परस्परविरोधी दिसतात. परंतु दोहोंच्या बुडाशी गृहीत एकच आहे. गुप्तलेख म्हणजे निव्वळ गणिती कोडे होय आणि ते सोडवणारा, मग तो माणूस असो वा यंत्र, केवळ अंकांशी झुंजत असतो, हे ते गृहीत.

माझे प्रतिपादन असे आहे की, गुप्तलेख बांधला जातो गणिताने, पण तो उकलतो शिरस्त्याने. कचेरीत, लष्करात, देवस्थानात किंवा धर्मपंथात एकच गोष्ट पुनःपुन्हा त्याच रीतीने करण्याचा जो प्रघात पडतो, त्याला आपण शिरस्ता म्हणतो. आणि लिहिणारा माणूस आपला मजकूर कितीही झाकू शकला तरी आपला शिरस्ता झाकू शकत नाही, हेच संकेतभेदाचे आद्य तत्त्व आहे. म्हणून ही विद्या मूलतः वाचनाची विद्या आहे, आणि तिचा खरा गोतावळा जुने शिलालेख वाचणारे, जीर्ण पोथ्यांचे पाठ ठरवणारे, दफ्तरातले रुमाल सोडून बसणारे लोक यांचा आहे. ‘संकेत फोडला’ असे आपण बोलतो खरे, पण मला ‘उकलला’ हाच शब्द अधिक यथार्थ वाटतो. फोडण्याला बळ लागते, उकलण्याला गाठ मारणाऱ्याचा हात ओळखावा लागतो.

१. चिन्ह बदलले तरी भाषा बदलत नाही

नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या अल्-किंदी या तत्त्वज्ञाने सांकेतिक लेख उलगडण्यावर एक प्रबंध लिहिला, आणि या विद्येचा लेखी इतिहास आपल्याला तेथपासून हाती लागतो. त्याची रीत सांगायला सोपी आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह मांडून लिहिलेला मजकूर समोर आला, तर त्याच भाषेतला एखादा उघडा मजकूर घ्यावा, त्यात कोणते अक्षर किती वेळा येते याची मोजदाद करावी, मग गुप्त मजकुरातील चिन्हांची तशीच मोजदाद करावी, आणि सर्वाधिक वेळा येणारे चिन्ह सर्वाधिक वेळा येणाऱ्या अक्षराशी जुळवून पाहावे. यात जे गणित आहे ते वाण्याच्या वहीतल्याहून अधिक नाही. नवीन आहे ती दृष्टी. बोलणाऱ्याला आपण स्वतंत्रपणे शब्द योजतो आहोत असे वाटत असते, परंतु भाषा त्याच्याही नकळत त्याच्या तोंडून ठरावीक प्रमाणातच अक्षरे वदवून घेत असते, हे ज्याला प्रथम जाणवले त्याने मनुष्यस्वभावाचाच एक नियम शोधून काढला असे म्हटले पाहिजे.

लपवण्याची कला आपल्याकडेही जुनी आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ गणला आहे, कौटिल्याने हेरांच्या उपयोगासाठी संज्ञालिपी सांगितली आहे. आणि महाराष्ट्रात तर महानुभाव पंथाने आपले ग्रंथभांडार शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जतन करून ठेवले. सकळ लिपीचे मूलतत्त्व अक्षराऐवजी अक्षर मांडण्याचेच आहे. ती पंथाबाहेरच्या माणसाला इतका काळ दुर्बोध राहिली, याचे कारण ती अल्-किंदीच्या रीतीला दाद देणारी नव्हती असे नव्हे. ती वाचण्याचा हव्यास धरणारा मनुष्य बाहेरच्या जगात नव्हता, हे होय. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारखे संशोधक त्या पोथ्यांकडे वळले आणि मराठीचे आद्य गद्य वाचकांसमोर येऊ लागले. त्या चिन्हांच्या आड जी भाषा होती ती आपलीच मराठी होती, तिचे प्रत्यय तेच आणि तिच्या क्रियापदांच्या लकबी त्याच. कुलूप निराळे असले तरी घर ओळखीचे होते.

२. ‘दानं’ या शब्दाची साक्ष

शिलालेखांचे वाचन आणि शत्रूच्या संदेशाचे वाचन यांत प्रकृतिभेद नाही, हे दाखवण्यासाठी प्रिन्सेपचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. कलकत्त्याच्या टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेपसमोर सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचे ठसे होते, आणि लिपी अज्ञात होती. त्याला दिसले ते इतकेच की, बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी आणि एका टिंबाने होतो. देवस्थानाच्या दगडावर, निरनिराळ्या खांबांवर, तोकडे तोकडे लेख कोण आणि कशासाठी कोरील, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. उत्तर असे आले की, भाविक आपापले दान कोरील, आणि शेवटी येणारा शब्द ‘दानं’ असला पाहिजे. त्या एका शब्दातून द आणि न मिळाले, त्याच्या आधी येणाऱ्या षष्ठीच्या प्रत्ययातून स मिळाला, आणि १८३७ साली अशोकाचे शिलालेख शेकडो वर्षांच्या मौनानंतर बोलू लागले. कार्ले, जुन्नर, कान्हेरी येथील लेण्यांत गेलेल्या वाचकाने तेथील खांबांवर कोरलेले दात्यांचे लेख पाहिले असतील, तर हा शिरस्ता आपल्या सह्याद्रीतही किती पक्का होता याची त्याला कल्पना असेल.

किंवा त्याहून जवळचे घ्या. पेशवे दफ्तरातील मोडी कागद वाचणाऱ्या माणसाला, बोरू न उचलता ओढलेल्या त्या अक्षरमालेतील प्रत्येक अक्षर सुटे करून वाचावे लागत नाही. आरंभी ‘राजमान्य राजश्री’ असणार, पुढे ‘विज्ञापना ऐसीजे’ असणार, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ येणार, हे त्याला ठाऊक असते. त्या ठरीव शब्दांत लेखकाचा अ कसा वळतो आणि र कसा मोडतो हे तो पाहून घेतो, आणि मग त्या ओळखीच्या बळावर मधला अनोळखी मजकूर वाचत जातो. मायन्याने अक्षर कळते, अक्षराने मजकूर कळतो. हीच पद्धत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ब्लेच्ली पार्क या संकेतभेद-केंद्रात शत्रूच्या संदेशांना लावली गेली, तेव्हा तिला ‘क्रिब’ असे नाव मिळाले.

३. एका प्रचंड आकड्याची मीमांसा

जर्मन सैन्याने वापरलेल्या एनिग्मा या गुप्तलेखन यंत्राविषयी लिहिताना प्रत्येक लेखक एक आकडा सांगतो, आणि वाचक त्या आकड्याने दिपून जाऊन विचार करण्याचे थांबवतो. पाच चक्रांतून तीन निवडून क्रमाने बसवण्याच्या ६० तऱ्हा. तीन चक्रांच्या १७,५७६ आरंभस्थिती. आणि समोरच्या फळीवर दहा तारांनी अक्षरांच्या दहा जोड्या बांधण्याच्या सुमारे १५० लाख कोटी तऱ्हा. या सर्वांचा गुणाकार केला की १५९ वर अठरा शून्ये एवढी संख्या येते. इतक्या किल्ल्या एकामागून एक लावून पाहणे मनुष्याला किंवा त्या काळच्या यंत्राला अशक्य होते, हे निर्विवाद आहे. पण त्यावरून संकेतभेदकाने या महासागराचा ठाव घेतला असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. त्याने हा सागर पोहून पार केलाच नाही. सागर उथळ असतो ती वाट त्याने शोधून काढली.

१९२९ साली पोझ्नान विद्यापीठातील निवडक गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी पोलंडच्या लष्कराने गुप्तलेखविद्येचा एक वर्ग चालवला. पोझ्नानचीच निवड करण्यामागे विचार होता: तो मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मन अमलाखाली असल्याने तेथील तरुणांना जर्मन भाषा अवगत होती. मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे तिघे त्यातून पुढे आले. त्या वेळी जर्मन लष्कराचा हुकूम असा होता की, प्रत्येक संदेशासाठी संदेशकाने स्वतः निवडलेली तीन अक्षरांची किल्ली संदेशाच्या आरंभी लागोपाठ दोनदा टंकावी. हेतू हा की, बिनतारीच्या खरखरीत एखादे अक्षर हुकले तर दुसऱ्या प्रतीवरून ते दुरुस्त करता यावे. हुकूम सावध माणसाने काढलेला होता. परंतु त्यामुळे पहिले व चौथे, दुसरे व पाचवे, तिसरे व सहावे अक्षर ही एकाच मूळ अक्षराची दोन रूपे ठरली. एका दिवसाचे पुरेसे संदेश जमवले की या जोड्यांच्या साखळ्या तयार होऊ लागल्या, आणि रेयेव्स्कीला दिसून आले की, त्या साखळ्यांची लांबी समोरच्या फळीवरील तारांवर मुळीच अवलंबून नाही. म्हणजे फळीवरील तारांचा तो अवाढव्य गुणक एका झटक्यात हिशेबातून बाद झाला. त्या काळी यंत्राला तीनच चक्रे असल्याने उरल्या त्यांचे सहा क्रम गुणिले १७,५७६, अर्थात १,०५,४५६ स्थिती. आणि एवढ्या स्थितींची यादी तीन पोलिश तरुणांनी, एक लहानसे उपकरण बनवून, वर्षाहून थोड्या अधिक काळात खरोखरच तयार केली. काम कंटाळवाणे होते, अशक्य नव्हते.

यंत्राच्या पोटातील तारांची जोडणी रेयेव्स्कीने १९३२ च्या डिसेंबरात समीकरणे मांडून काढली, तिथेही हाच प्रकार घडला. हान्स-थिलो श्मिट नावाच्या जर्मन कर्मचाऱ्याने फ्रेंचांना विकलेले कागद त्याच्या हाती आले होते, तरीही समीकरणे सुटेनात. कारण कळफलकावरून पहिल्या चकतीकडे तारा कोणत्या क्रमाने जातात हे अज्ञात होते. बाजारात मिळणाऱ्या यंत्रात तो क्रम कळफलकाचा होता. रेयेव्स्कीने विचार केला की, जर्मन माणसाला व्यवस्थेची आवड. त्याने वर्णमालेचाच क्रम धरला असेल तर? तसा धरून पाहताच तारांची जोडणी कागदावर उतरू लागली. १९३९ च्या जुलै महिन्यात वॉर्सानजीक पिरीच्या जंगलात पोलिशांनी ब्रिटिश व फ्रेंच सहकाऱ्यांना हे रहस्य सांगितले, तेव्हा ब्रिटिशांच्या डिली नॉक्सने पहिला प्रश्न त्या क्रमाचाच विचारला. नॉक्स हा जीर्ण ग्रीक पपायरसांचे पाठ लावणारा विद्वान. माझ्या प्रतिपादनाप्रमाणे तो या कामाला सर्वाधिक लायक, आणि तरीही एवढी साधी शक्यता त्याला सुचली नव्हती. हे मी लपवत नाही. वाचनविद्येतही वाचक चुकतो.

४. यंत्रासमोर बसलेला माणूस

युद्ध सुरू झाल्यानंतरची कथा तर या दृष्टीने अधिकच बोलकी आहे. जर्मन हुकूमनामे बहुतांशी काटेकोर होते असे म्हणता येईल. पण हुकूम पाळणारा संदेशक थकलेला, घाईत असलेला, कधी प्रेमात पडलेला, कधी एकटा पडलेला तरुण होता. यादृच्छिक तीन अक्षरे निवड असे त्याला सांगितले, तर तो एकच अक्षर तीनदा दाबी, कळफलकावरच्या शेजारच्या कळा ओळीने दाबी, किंवा आपल्या प्रेयसीच्या नावातली अक्षरे घेई. ब्लेच्लीत अशा किल्ल्यांना ‘सिली’ असे नावच पडले होते. कोणत्या ठाण्यावरचा कोणता संदेशक कोणत्या लकबीचा, याची तेथील मंडळींना इतकी सवय झाली की, न पाहिलेल्या माणसांची ओळख असावी तशी त्यांची स्थिती झाली.

जॉन हेरिवेल या एकवीस वर्षांच्या गणितज्ञाची युक्ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते, कारण तिच्यात सूत्र एकही नाही. १९४० च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी घरमालकिणीच्या शेगडीसमोर बसला असता त्याने जर्मन संदेशकाची सकाळ डोळ्यांपुढे आणली: नवीन दिवसाच्या आज्ञेप्रमाणे त्याने चक्रांवरची कडी फिरवून बसवली, यंत्राचे झाकण लावले, आणि आता पहिल्या संदेशासाठी चक्रे मनमानेल तशी फिरवायची असता आळसाने ती होती तशीच, किंवा एखाद-दोन घरे इकडेतिकडे, ठेवून दिली. असे असेल, तर सर्व ठाण्यांच्या पहिल्या संदेशांवरील उघडी अक्षरे एकाच स्थानाभोवती गोळा झालेली दिसतील, आणि त्या स्थानावरून कड्यांची दिवसाची मांडणी कळेल. काही आठवडे काहीच दिसले नाही. मे महिन्यात जर्मनांनी किल्ली दोनदा टंकण्याचा जुना शिरस्ता मोडला, जुनी रीत निकामी झाली, आणि त्याच सुमारास फ्रान्सवरील चढाईच्या धांदलीत संदेशकांचा आळस हेरिवेलने कल्पिला होता तसाच प्रकट झाला. एका माणसाने दुसऱ्या, कधी न भेटलेल्या माणसाचा थकवा वाचला.

इटालियन आरमाराच्या संदेशांवर नॉक्सच्या हाताखाली काम करणारी मेव्हिस लिव्हर ही त्या वेळी विशीही न ओलांडलेली, जर्मन साहित्याचे शिक्षण अर्धवट सोडून आलेली मुलगी होती. एनिग्मा यंत्रात परावर्तक बसवलेला असल्यामुळे कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपाने कधी बाहेर पडत नाही, हा त्याचा जन्मजात दोष. एके दिवशी हातात आलेल्या लांबलचक संदेशात एल हे अक्षर एकदाही नाही, असे तिच्या ध्यानात आले. कोणी एका संदेशकाला चाचणीचा संदेश पाठवण्याचा हुकूम झाला असावा, आणि त्याने काही रचण्याचे कष्ट न घेता एलचीच कळ शेवटपर्यंत दाबून धरली असावी, असा तर्क तिने केला. तो खरा निघाला, आणि त्यातून चक्राची जोडणी उघडी पडली. शेकडो लोकांच्या नजरेखालून तो कागद गेला असता तर किती जणांना तेथे काय आहे हे दिसले असते, आणि काय नाही हे किती जणांना दिसले असते? अभावाचे वाचन ही या विद्येतील अत्यंत कठीण कसोटी आहे.

याशिवाय लष्करी पत्रव्यवहाराचा मायना होताच: हवामानाचे दैनंदिन वृत्त, ठरावीक पदव्या, आणि ‘विशेष काही घडले नाही’ अशा अर्थाचा, जर्मन भाषेत तीन ठरीव शब्दांचा, दररोज त्याच वेळी त्याच ठाण्यावरून येणारा अहवाल. ज्या ठाण्यावर काहीच घडत नव्हते तेथील कर्तव्यदक्ष कारकुनाने रोज इमानाने पाठवलेले ते वाक्य ब्लेच्लीला एखाद्या हेराहूनही अधिक उपयोगी पडले.

५. पहिला आक्षेप: मग प्रतिभेचे काय?

येथे कोणी म्हणेल की, सवयी सर्वांना दिसतात, पण रेयेव्स्की किंवा ब्लेच्लीतील गणितज्ञ ट्युरिंग, टट यांसारखा एखादाच असतो. त्यांच्या असामान्य बुद्धीला तू कारकुनी ठरवतोस काय? मी तसे मुळीच म्हणत नाही, आणि या आक्षेपातील सत्यांश मला मान्य आहे. १९४१ च्या ३० ऑगस्ट रोजी अथेन्सहून व्हिएन्नाकडे सुमारे ४,००० अक्षरांचा एक जर्मन संदेश एनिग्माहून कितीतरी अवघड अशा लॉरेन्झ यंत्रावर पाठवला गेला. पलीकडून ‘मिळाला नाही, पुन्हा पाठवा’ असे उत्तर येताच संदेशकाने, सक्त मनाई असतानाही, यंत्र पुन्हा त्याच स्थितीत आणून सर्व मजकूर हाताने दुसऱ्यांदा टंकला. त्याने तो अक्षरशः जसाच्या तसा टंकला असता तर ब्रिटिशांच्या पदरात काहीच पडले नसते. पण माणूस दुसऱ्यांदा लिहिताना कंटाळतो. त्याने पहिल्याच शब्दाचे संक्षिप्त रूप केले, पुढेही ठिकठिकाणी काटछाट केली, आणि दोन्ही मजकूर एकमेकांपासून किंचित सरकले. त्या सरकण्याचा आधार घेऊन ब्लेच्लीतील अनुभवी संकेतभेदक जॉन टिल्टमनने दोन्ही मजकूर सुटे केले, आणि यंत्राने मिसळलेली शुद्ध अक्षरमाला हाती आली. पुढचे काम बिल टट या तरुणाने केले: केवळ त्या अक्षरमालेवरून, यंत्र डोळ्यांनी न पाहता, त्यात बारा चक्रे आहेत आणि ती कशी फिरतात, हे त्याने तर्काने सिद्ध केले. ही प्रतिभाच आहे, तिला दुसरे नाव नाही.

तथापि क्रम ध्यानात घ्यावा. आधी एका संदेशकाचा कंटाळा, मग एका अनुभवी वाचकाचा शब्दाशब्दाने पुढे सरकणारा तर्क, आणि त्यानंतर गणितज्ञाची भरारी. प्रतिभेला झेप घेण्यासाठी जमीन लागते, आणि ती जमीन येथे शिरस्त्याची होती. शिवाय प्रतिभेला माणसांचा पुरवठाही लागतो. १९४१ च्या ऑक्टोबरात ट्युरिंग, वेल्शमन, अलेक्झांडर आणि मिलनर-बॅरी या ब्लेच्लीतील चौघांनी चर्चिलना थेट पत्र लिहिले, त्यात त्यांनी मागितले काय? कारकून, टंकलेखिका, यंत्रांवर काम करणाऱ्या मुली. लोककथेतील एकाकी प्रतिभावंताने असे पत्र लिहिले नसते. युद्धाच्या अखेरीस ब्लेच्लीच्या पटावर सुमारे नऊ-दहा हजार माणसे होती, त्यांपैकी तीन-चतुर्थांश स्त्रिया. आणि उकललेल्या प्रत्येक संदेशातील अधिकाऱ्याचे नाव, तुकडी, जहाज, ठिकाण यांची नोंद पत्त्यांवर करून ठेवणारे जे प्रचंड दफ्तर त्यांनी सांभाळले, त्यावाचून सुटा संदेश वाचूनही समजला नसता.

६. दुसरा आक्षेप: यंत्रे

हे सारे आता यंत्राचेच काम आहे, या आक्षेपाला उत्तर थोडक्यात देता येते. ट्युरिंगने रचलेले आणि वेल्शमनने सुधारलेले ‘बॉम्ब’ नावाचे यंत्र स्वतः होऊन काहीच शोधत नसे. अमुक ठिकाणी अमुक शब्द असावा, असे कोणी माणसाने सांगितल्यावर, त्या गृहीताशी विसंगत असलेल्या स्थिती वेगाने बाजूला सारणे एवढेच त्याचे काम होते. गृहीत चुकीचे असेल तर यंत्र तितक्याच तत्परतेने दिवसभर व्यर्थ फिरत राही. टपाल खात्यातील अभियंता टॉमी फ्लॉवर्स याने लॉरेन्झच्या उकलीसाठी उभारलेले कोलोसस हे यंत्र अधिक सामर्थ्यवान होते, पण त्याने मोजायचे काय हे भाषेच्या आणि चक्रांच्या सवयी जाणणारेच ठरवत. यंत्राने मोजदाद अल्-किंदीहून लक्षपटीने वेगवान केली. मोजदाद कशाची करायची हा प्रश्न अल्-किंदीचाच राहिला.

७. तिसरा आक्षेप: आता संकेत अभेद्य झाले आहेत

हा आक्षेप सर्वांत बलवान आहे. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये जे संकेत वापरले जातात, त्यांच्यात संदेशकाच्या लहरीला वाव नाही, मायन्याचा फायदा नाही. मग शिरस्त्याचे तत्त्व कालबाह्य झाले नाही काय? याचे उत्तर मी अशा एका संकेताच्या इतिहासातून देतो, की ज्याची अभेद्यता १९४९ साली क्लॉड शॅननने प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेने गणिताच्या दृष्टीने कायमची प्रस्थापित झाली. एकदाच वापरायच्या यादृच्छिक अंकांची वही दोन्ही टोकांस ठेवावी, प्रत्येक पान एकदा वापरून नष्ट करावे, एवढेच त्याचे तंत्र. सोव्हिएत परराष्ट्र आणि हेर खाती हीच पद्धत वापरत होती. पण १९४२ साली, जर्मन सैन्य रशियात खोलवर शिरलेले असताना, वह्या छापणाऱ्या खात्यावर ताण पडला आणि तेथे काही पानांच्या दोन-दोन प्रती छापल्या जाऊन निरनिराळ्या वह्यांत बांधल्या गेल्या. अमेरिकेत १९४३ च्या फेब्रुवारीत जीन ग्रॅबील या पूर्वाश्रमीच्या शिक्षिकेने ज्या कामाचा आरंभ केला, आणि पुढे ‘व्हेनोना’ या नावाने जे चालले, ते या दुबार पानांवरच उभे राहिले. १९४६ मध्ये मेरेडिथ गार्डनर या संस्कृतासह अनेक भाषा जाणणाऱ्या भाषापंडिताने, रशियन संकेतकोशात परकी नावे अक्षरशः लिहिण्यासाठी जी सोय केली होती तिच्यावरून आत प्रवेश मिळवला. आणि अणुबाँबवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे त्यातून बाहेर आली. हे काम १९८० पर्यंत चालले आणि सुमारे ३,००० संदेश पूर्णतः वा अंशतः वाचले गेले. सिद्धता खोटी पडली नव्हती. ती ज्या अटीवर उभी होती ती अट एका छापखान्यातील घाईने मोडली होती. गणित स्वतः अभेद्य असू शकते. पण ते वापरात आणणारे हात कोणत्या ना कोणत्या कचेरीचे असतात, आणि कचेरी म्हटली की शिरस्ता आला, धांदल आली.

८. दुसऱ्याचे पत्र वाचणे

एक शंका तर्काची नसून नीतीची आहे, आणि तिला बगल देणे मला अप्रामाणिक वाटेल. दुसऱ्याचे बंद पत्र वाचणे हे आपल्या घरादारांत निंद्य मानले जाते. मग तेच काम सरकारी शिक्क्याने केले की विद्या कसे ठरते? अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन यांनी १९२९ साली याच भावनेने आपल्या खात्याचा संकेतभेदाला मिळणारा पैसा बंद केला. आणि १९४० साली युद्धमंत्री झालेले हेच स्टिमसन उकललेले जपानी संदेश रोज वाचत होते. कोणी याला ढोंग म्हणेल. मला तो एका सज्जन माणसाच्या मनातला खरा संघर्ष दिसतो. आक्रमक सत्तेशी जीवनमरणाची झुंज चालू असता तिचा संदेश वाचणे मला समर्थनीय वाटते. त्याच कौशल्याने शांततेच्या काळात स्वतःच्या नागरिकांचे बोलणे ऐकणे मला समर्थनीय वाटत नाही, आणि कौशल्य एकच असल्यामुळे ही सीमा ज्ञानाने आखता येत नाही, कायद्यानेच आखावी लागते. जो माणूस दुसऱ्याच्या सवयी इतक्या बारकाईने वाचतो, त्याच्या हाती किती सत्ता दिली जात आहे याचे भान राज्यकर्त्यांना क्वचितच असते. त्याला गणिती कोडी सोडवणारा निरुपद्रवी विक्षिप्त मानण्याचा हा सर्वांत घातक परिणाम आहे.

९. ती माणसे

मग हे लोक होते तरी कोण? रेयेव्स्कीला युद्धकाळात ब्रिटनमध्ये आश्रय मिळाला, पण ज्या कार्याचा पाया त्याने घातला होता त्या ब्लेच्लीत त्याला प्रवेश नव्हता. किरकोळ संकेतांवर काम करून तो १९४६ साली बिदगोश्च या आपल्या गावी परतला आणि निवृत्त होईपर्यंत हिशेबनिसाची नोकरी करीत राहिला. त्याचा सहकारी रुझित्स्की १९४२ च्या जानेवारीत भूमध्य समुद्रात जहाज बुडून मरण पावला. ब्लेच्लीतील हजारो स्त्री-पुरुषांनी १९७४ पर्यंत आपल्या आईबापांनाही आपण काय केले ते सांगितले नाही. कित्येकांचे आईबाप तोपर्यंत निघून गेले होते.

त्यांतच जोन क्लार्क होती. केंब्रिजची गणितज्ञ, जर्मन आरमारी एनिग्मावर काम करणाऱ्या ट्युरिंगच्या विभागातील अत्यंत कुशल संकेतभेदक आणि १९४४ पासून त्या विभागाची उपप्रमुख. स्त्रियांसाठी त्या कामाची पदश्रेणीच दफ्तरात नसल्यामुळे वेतनवाढ देता यावी म्हणून तिला ‘भाषातज्ज्ञ’ ही श्रेणी देण्यात आली, आणि छापील अर्जावर ‘श्रेणी: भाषातज्ज्ञ, अवगत भाषा: एकही नाही’ असे भरताना तिला मोठी गंमत वाटे. पुढे निवृत्त लष्करी अधिकारी असलेल्या पतीच्या सहवासात ती प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाकडे वळली. पंधराव्या शतकातील स्कॉटलंडची नाणी, त्यांवरील अक्षरांची वळणे, ठशांची झीज, एका ठशाच्या जागी दुसरा ठसा कधी आला याच्या खुणा, हे सारे पाहत पाहत तिने तिसऱ्या व चौथ्या जेम्सच्या नाण्यांचा पाडण्याचा क्रम लावून दिला, आणि १९८६ साली ब्रिटिश नाणकशास्त्र संस्थेने तिला आपले सुवर्णपदक दिले.